चार कागदांवरची एकच बाई

माझी एक मैत्रीण डिचोली तालुक्यात राहते. सावंतवाडीला कॉलेजात आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. मी पेडण्याची, ती दोडामार्गकडची. पुढे मी लग्न होऊन पुण्याला आले आणि ती डिचोलीला गेली. तिचं सासर माहेरापासून तासाभराच्या वाटेवर, पण मध्ये राज्याची हद्द. ही हद्द आमच्या सोयरिकींनी कधी मानली नाही. कागदपत्रं मात्र ती फार मानतात, हे मला गेल्या वर्षी कळलं.

तिचा नवरा खाणीवर टिपर चालवायचा. टिपर स्वतःचा, कर्ज काढून घेतलेला. सप्टेंबर २०१२मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मधे थोड्याफार सुरू झाल्या आणि मार्च २०१८मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. टिपर अंगणात उभा राहिला, हप्ते थांबले नाहीत. चार वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून ती एका खानावळीला चपात्या करून देते, काजूच्या दिवसांत बिया फोडते आणि मुलाला शिकवते.

मी काय केलं? पुण्यात बसून मोबाइलवर योजना शोधल्या आणि तिला एकामागून एक लिंका पाठवल्या. आपलं कर्तव्य झालं, असं मला वाटलं. आठ महिने गेले. चवथीला गावी गेले तेव्हा तिच्याकडे जाऊन विचारलं, "अर्ज केलास का गो?"

"उघडून बघितलं सगळं," ती म्हणाली. "पहिल्याच ओळीत नाव विचारलं. कुठलं लिहू?"

मला आधी गंमतच वाटली. मग तिने कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव. रेशन कार्डावर लग्नात तांदळात लिहिलेलं नाव, कारण सासूबाईंनी तेच सांगितलं होतं. आधार कार्डावर माहेरचं पहिलं नाव, पुढे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बँकेच्या पासबुकात तांदळातलं नाव आणि आडनावाचं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, 'श'च्या जागी 'एक्स'. बाई एक, नावं चार.

त्यापूर्वी ती एकदा एका कचेरीत जाऊनही आली होती. खिडकीतल्या माणसाने कागद चाळले आणि म्हणाला, "ह्या चार बायका आहेत. ह्यांतली विधवा कोण?" मागे रांगेत गावातलीच माणसं होती. ती कागद गोळा करून घरी आली, त्यानंतर गेलीच नाही.

"माका नाका ही सरकाराची भीक," ती मला म्हणाली.

मी तिला विचारलं, विधवांसाठी जी योजना आहे तिचं नाव तुला ठाऊक आहे का? दयानंद सामाजिक सुरक्षा योजना. २००१ साली सुरू झाली. नाव कोणाचं, तर भाऊसाहेब बांदोडकरांचं. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, जन्म पेडण्याचा आणि व्यवसायाने खाणमालक. तुझ्या गावच्या डोंगरातून जे खनिज गेलं, त्याची रॉयल्टी वर्षानुवर्षं सरकारी तिजोरीत जमा झाली. तुझ्या नवऱ्याने त्याच खनिजाच्या खेपा टाकल्या. मग ही भीक कशी? ती काही बोलली नाही, पण पिशवी माझ्याकडे सरकवली.

त्या रात्री आम्ही सगळे कागद जमिनीवर तारखेप्रमाणे मांडले. गुंता सोडवणारा कागद आश्चर्य वाटेल असा निघाला: लग्नाच्या नोंदणीचा दाखला. गोव्यात नागरी कायद्याप्रमाणे लग्न निबंधकाकडे नोंदवावं लागतं. त्या नोंदीत तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि नवऱ्याचं नाव एकाच पानावर होतं. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि आधार कार्डावरची बाई एकच, हे ते पान सांगत होतं. उरलेल्या दोन नावांसाठी नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र केलं: या चारही नावांची व्यक्ती मीच.

दुसरा प्रश्न वास्तव्याचा. या योजनेसाठी गोव्यात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो. इथे जन्मलेल्यांना तो सहज देता येतो. पण पेडणे, डिचोली, सत्तरीत निम्म्या घरांत सून पलीकडची. तिचा जन्म महाराष्ट्रात, शाळा महाराष्ट्रात. तिची १५ वर्षं लग्नापासून मोजायची आणि तीही कागदाने दाखवायची. आम्ही मुलाच्या जन्माची नोंद काढली, त्याचा शाळेचा दाखला घेतला आणि जुन्या मतदारयादीतलं तिचं नाव शोधलं. वहिनीने माहेरी येऊन महाराष्ट्राच्या 'लाडकी बहीण'चा अर्ज भर, असंही तिला सुचवलं होतं. पण ती योजना महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी. जिथे राहतो, तिथलाच हक्क मागायचा.

शनिवारी पंचायतीत गेलो. २०२०च्या ऑक्टोबरपासून 'स्वयंपूर्ण गोवा' उपक्रमात प्रत्येक पंचायतीसाठी एक सरकारी अधिकारी 'स्वयंपूर्ण मित्र' म्हणून नेमलेला असतो. आमच्या वाट्याला आलेल्या गृहस्थांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, उत्पन्नाचा दाखला जुना झालाय तो नवा काढा म्हणाले आणि पासबुकातलं नाव आधारप्रमाणे करून घ्यायला सांगितलं. कोणाला हसले नाहीत. तिला तेवढंच हवं होतं.

माझी सुट्टी संपली. पुढच्या खेपा तिने एकटीने घातल्या: तलाठी, मामलेदार कचेरी, बँक. दर वेळी फोन यायचा, "आज परत पाठवलं." मी विचारायचे, "काय कमी पडलं?" ती सांगायची, मी वहीत लिहायचे. जानेवारीत मंजुरी आली आणि पुढे खात्यात पैसे जमा झाले. त्यातले पहिले मुलाच्या बसच्या पासला गेले.

एक चुटपुट मात्र राहिली. २०१२मध्ये गृहिणींसाठी गृह आधार योजना निघाली, तेव्हा ती पात्र होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत, १५ वर्षांचं वास्तव्य, अशा अटी. पुढे ती मदत महिना १,५०० रुपये झाली. खाणी बंद असताना ते पैसे घरात आले असते. तिने तेव्हा अर्ज केला नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मी दर चवथीला येत होते. तिच्याकडच्या नेवऱ्या खाऊन जात होते.

म्हणून आपल्या मंडळातल्या तरुण मुलांना एक काम सांगते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आत्या, मावशी, शेजारची काकी, यांपैकी एकीजवळ तासभर बसा. लिंक पाठवू नका. तिचं आधार, रेशन कार्ड, पासबुक आणि लग्नाचा दाखला शेजारी शेजारी ठेवून नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते पाहा. नवरा गेला असेल तर मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेवा. सध्याची रक्कम आणि अटी पंचायतीत विचारून घ्या, त्या बदलत असतात. दोन योजना एकदम मिळतील असं धरून चालू नका. आणि मदत सुरू झाली की वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू देऊ नका. तो राहिला की पैसे थांबतात.

परवा तिचा फोन आला होता. बँकेत तिचं आधारवरचं नाव पुकारलं आणि ती जागेवर बसूनच राहिली. "त्या नावाने आता तुझ्याशिवाय मला कोण हाक मारतं?" म्हणाली. मग हसली आणि सांगितलं, शेजारच्या घरातली सून मोरगावची आहे, तिची पिशवी घेऊन ती या शनिवारी पंचायतीत चालली आहे.