जुन्या अँप्लिफायरची घरघर

व्हॉल्व्हच्या जुन्या अँप्लिफायरमधून गाण्याबरोबर घरघर येऊं लागली, कीं महागडे व्हॉल्व्ह बदलण्याची घाई होते. आमच्या मतें ती बहुधा व्यर्थ होय. दोष प्रायः वीजपुरवठ्यांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा असतो. त्यांतील द्रव कालांतरानें सुकतो व १०० हर्ट्‌झचा गुंजारव ध्वनींत शिरतो. मात्र घरांतील उत्साही तरुणांस आमचें निक्षून सांगणें आहे, कीं प्लग काढल्यावरही त्या चिमुकल्या डबींत ३००-४०० व्होल्ट दबा धरून असतात, आणि ते प्राण घेऊं शकतात. एक हात पाठीशीं ठेवून, १० किलोओहमचा जाड रेझिस्टर प्लॅस्टिकच्या मुठीच्या चिमट्यांनीं दोन्ही टोकांस जोडावा. मीटर शून्यावर आल्याखेरीज आंत बोट घालूं नये. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा घ्यावा, व्होल्टेजनें उणा नसावा. धन-ऋण टोकें उलटीं लागल्यास तो फुटतो; सबब लहान मुलांस तोंवर माजघरांत धाडावें.