बशीची बाजू

गेल्या दिवाळीत एका सुखवस्तू स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, बरोबर होते. चहा आला तसा अण्णांनी नेहमीप्रमाणे तो बशीत ओतला, फुंकर घातली आणि भुरका मारला. स्नेह्यांचा मुलगा फिसकन हसला. वहिनींनी त्याला दटावले. पण हसू त्यांच्याही ओठांच्या कोपऱ्यात होतेच. अण्णांनी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली नाही. आणि मी, चार पुस्तके लिहिलेला मास्तर, गप्प बसलो! त्या गप्प बसण्याची लाज वर्षभर बाळगून आहे.

गंमत अशी की, थोड्याच वेळापूर्वी स्नेह्यांनी काचेच्या कपाटातला आपला ठेवा आम्हांला कौतुकाने दाखविला होता. जर्मनीतल्या माइसेनचा अठराव्या शतकातला कप आणि त्याची बशी! तळाशी एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारींची खूण. कपाला कान नव्हता आणि बशी चांगली वाटीसारखी खोल होती. ती इतकी खोल का, हा प्रश्न त्या घरात कोणाला पडलेला दिसला नाही.

सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने, सोने करून दाखवितो म्हणणाऱ्या ब्योटगर नावाच्या तरुणाला कोंडून ठेवले होते. सोने काही झाले नाही. पण १७०८ साली, चिर्नहाउस या विद्वानाच्या साहाय्याने, चिनी मातीचे रहस्य उलगडले आणि १७१० साली माइसेनच्या गढीत कारखाना सुरू झाला. चहाचे कप चिनी वाटीच्या धर्तीवर, म्हणून बिनकानाचे. कढत चहाने बोटे भाजत. तेव्हा युरोपातले कितीतरी लोक तो बशीत ओतून पीत! अमेरिकेत तर १९व्या शतकाच्या पूर्वार्धात, बशीतून पिताना रिकामा कप टेकवायला काचेच्या छोट्या ताटल्या निघाल्या होत्या. रशियन चित्रकार कुस्तोदिएव्हची १९१८ सालची व्यापाऱ्याची बायकोही चांगली नटूनथटून बशीच हातात धरून बसली आहे.

कोणी म्हणेल, तो रिवाज गेला. गेला खरा. कपाला कान आला, बशी उथळ झाली, तिच्या मध्यावर कप बसण्यापुरता खळगा उरला. भुरक्याचा आवाज मलाही फारसा रुचत नाही, हेही कबूल करतो. पण जी बशी तुम्ही कुलपात जपता, तिचाच उपयोग करणाऱ्या म्हाताऱ्याला अडाणी कोणत्या तोंडाने म्हणता?

अण्णा एस. टी.त कंडक्टर होते. गाडी स्टँडवर पाच मिनिटे थांबायची. पसरट बशीत चहा लवकर निवतो, हे त्यांना कोणत्या पुस्तकाने शिकविले नव्हते. आणि पैसे एकाच चहाचे असले, तर कप ड्रायव्हरला जायचा व बशी अण्णांकडे राहायची. एका कपात दोघांचे भागायचे.

यंदा भाऊबीजेनंतरच्या रविवारी त्या स्नेह्यांना सहकुटुंब आमच्याकडे बोलाविले आहे. चहा आला की पहिली बशी मी ओतणार आहे.