अंगणातल्या टाकीतला समुद्र

मुलांनो, आपल्या जळकोटहून समुद्र किती लांब आहे, सांगा पाहू? नकाशा काढा आणि पट्टी लावा. पश्चिमेला जा नाहीतर पूर्वेला, सरळ रेषेत मोजलं तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र काही सापडत नाही. पण त्याचं आपलं नातं मात्र जवळचं आहे. सोयाबीनच्या पेरणीसाठी आपण ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो, तो समुद्रावरूनच येतो. आणि आपल्या तिरू नदीतून वाहून गेलेलं पाणी शेवटी गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागराला जाऊन मिळतं. तेव्हा समुद्राला ताप आला, तर त्याची चौकशी आपणही करायला हवी!

ताप हा शब्द मी थट्टेनं वापरलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी तपासल्या. हिंदी महासागराच्या पश्चिम भागाचं उन्हाळी तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंश सेल्सिअसनं वाढल्याचं त्यांना दिसलं. तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतंय? आपल्या गावात दुपारी ऊन-सावलीत याहून जास्त फरक पडतो. खरं आहे. पण तुमच्या अंगाचं तापमान ३७ वरून ३८.२ झालं, तर आई तुम्हाला शाळेत पाठवते का?

शिवाय दुसरी एक भानगड आहे. गाड्या, कारखाने, वीजकेंद्रं यांतून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. हा वायू पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होतं. सोडा वॉटरला जी किंचित आंबूस चव असते ना, ती त्याचीच. समुद्राचं पाणी काही आंबट झालेलं नाही, ते अजूनही अल्कधर्मीच आहे. पण त्याचा कल हळूहळू आम्लाकडे सरकतो आहे. शंख, शिंपले, प्रवाळ हे जीव आपली घरं चुन्याची बांधतात, आणि चुना नि आम्ल यांचं वैर तुम्हाला ठाऊकच आहे.

मग या जिवांचं पुढे काय होणार? हे शोधायचं कसं?

एक उपाय म्हणजे समुद्रात उतरून पाहायचं. आपल्याच महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणचं सागरी अभयारण्य आहे. ते १९८७ साली जाहीर झालं. तिथे प्रवाळ आहेत. अंगठीतलं पोवळं माहीत आहे ना, त्याच गणगोतातले हे जीव. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखं राहतं आणि भाड्यापोटी त्यांना अन्न देतं. पाणी फार तापलं की हे भाडेकरू घर सोडतात. मग प्रवाळ पांढरेफटक पडतात, आणि पाणी लवकर थंड झालं नाही तर उपाशी मरतात. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना मालवणचे प्रवाळ असे पांढरे पडलेले आढळले आहेत.

पण समुद्रात एक अडचण असते. तिथे पाणी तापतं, त्याच वेळी गाळ येतो, सांडपाणी येतं, वादळही येतं. दोषी कोण, हे कसं ठरवायचं? बरं, समुद्राला 'जरा तीन अंशांनी तापून दाखव' असं सांगताही येत नाही.

दुसरा उपाय प्रयोगशाळेचा. काचेच्या बरणीत एक जीव ठेवा, ट्यूबलाइट लावा आणि पाणी गरम करा. दोषी नक्की सापडतो. पण त्या बिचाऱ्या जिवाला ना ऊन, ना ढग, ना शेजारी. असा एकट्यानं राहणारा जीव खऱ्या समुद्रात कसा वागेल, याची खात्री कोण देणार?

म्हणून शास्त्रज्ञांनी मधला मार्ग काढला. समुद्रकाठी, उघड्या अंगणात टाक्या मांडायच्या. पंपानं समुद्राचं ताजं पाणी एका बाजूनं सतत आत सोडायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायचं. वर खरं ऊन, खरा पाऊस, खरी रात्र. आत प्रवाळ, शैवाल आणि पाण्याबरोबर आलेले बारीकसारीक जीव. मग काही टाक्या गरम करायच्या, आणि काही तशाच ठेवायच्या. या 'तशाच ठेवलेल्या' टाक्या फार महत्त्वाच्या बरं का! तुमचे बाबा किंवा आजोबा नवं बियाणं आधी चार सऱ्यांतच पेरून पाहतात आणि शेजारी जुनं ठेवतात. का? तर फरक बियाण्याचा की पावसाचा, हे कळावं म्हणून. हेही अगदी तसंच. अशा टाकीला शास्त्रज्ञ 'मेसोकॉझम' म्हणतात, म्हणजे मधल्या आकाराचं विश्व. माझ्या मते 'अंगणातला समुद्र' हे नाव जास्त छान आहे.

अशा टाक्यांची मला सर्वांत आवडणारी गोष्ट पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरची आहे. तिथल्या कानेओहे उपसागरात एका चिमुकल्या बेटावर सागरी जीवशास्त्राची संस्था आहे. १९७० साली स्टीव्ह कोल्स आणि पॉल जोकील या दोघांनी तिथे तीन जातींचे प्रवाळ टाक्यांत ठेवले आणि पाणी ३१ अंशांपर्यंत तापवलं. तिसऱ्याच दिवशी तिन्ही जातींत मरायला सुरुवात झाली! प्रवाळांना उष्णता किती सोसते, याचं मोजमाप जगाला अशा प्रयोगांतून मिळालं.

गोष्ट इथे संपली नाही. २०१७ साली कोल्स यांनी नव्या सहकाऱ्यांना घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. तीच जागा, तेच तीन प्रकारचे प्रवाळ, तेच तापमान, शक्य तितकी तीच पद्धत. सत्तेचाळीस वर्षांनी! आपल्यापैकी कितीजण सातवीतली प्रयोगवही इतकी वर्षं जपून ठेवतील? आणि या वेळी काय झालं असेल? पहिला प्रवाळ मरायला एका जातीत १३ दिवस लागले, दुसरीत १५ आणि तिसरीत १७. म्हणजे मधल्या काळात प्रवाळ काटक झाले होते.

कशामुळे? एक कारण असं, की ते हळूहळू उष्णतेला सरावले असावेत. पण दुसरंही एक कारण असू शकतं. पूर्वी या उपसागरात सांडपाणी सोडलं जाई, ते नंतर बंद झालं. पाणी स्वच्छ असलं की उष्णतेचा मार सोसायला जिवाला बळ राहतं. तरी हुरळून जाऊ नका. २०१४ आणि २०१५ साली समुद्र खरोखरच तापला, तेव्हा हवाईतले पुष्कळ प्रवाळ मेले. ते सुधारत आहेत, पण समुद्र त्यांच्याहून जास्त घाईत आहे.

याच बेटावर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात पाणी तापवण्याऐवजी त्याची आम्लता वाढवली होती. साध्या टाक्यांत चुनखडी शैवालाचा गुलाबी, टणक थर धरला. हा थर प्रवाळांच्या खडकाला सिमेंटसारखा बांधून ठेवतो. आम्लता वाढवलेल्या टाक्यांत मात्र तो फारच कमी धरला, आणि मऊ शेवाळाचं फावलं. बरणीत एकच जीव ठेवला असता, तर ही जागेची मारामारी दिसलीच नसती. अर्थात टाकी ती टाकीच. तिच्यात सुरमई मावत नाही, आणि भरती-ओहोटीही येत नाही.

करून पाहा : दोन सारख्या बादल्या घ्या. दोन्हींत हौदातलं सारखंच पाणी भरा आणि सारखंच चिमूटभर हिरवं शेवाळ टाका. एका बादलीला बाहेरून काळं कापड गुंडाळा, दुसरीला पांढरं. दोन्ही उन्हात शेजारी-शेजारी ठेवा. वरून ऊन दोघींनाही सारखंच मिळेल, पण एकीचं पाणी जास्त तापेल. तापमान रोज दुपारी एकाच वेळी मोजा. त्यासाठी शाळेतला प्रयोगशाळेचा तापमापक सरांकडून किंवा बाईंकडून मागून घ्या. घरातला तापाचा चालणार नाही, त्याचे आकडे ३५ च्या आसपास सुरू होतात. पाणी आटलं तर दोन्हींत सारखंच वाढवा. मासे टाकू नका. आणि आई-बाबांनी रागावू नये म्हणून दोन्ही बादल्यांवर मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, नाहीतर शेवाळाऐवजी डासांचीच पैदास होईल! पंधरा दिवस पाण्याचा रंग, वास आणि शेवाळाची वाढ वहीत लिहीत जा.