आता बरा आहे म्हणे

"आता बरा आहे ना हा?" हा प्रश्न मला कुणी विचारत नाही. माझ्यादेखत आईला विचारतात. आईही सांगून मोकळी होते, "हो, आता काही त्रास नाही." कुणाला नाही? घरच्यांना! मी रात्री दोनला कपाटं उपसत नाही, क्रेडिट कार्डावर गिटारी उचलून आणत नाही, म्हणजे मी बरा. सकाळी दात घासायला उठण्यासाठी पाऊण तास छताकडे बघत मनाला विनवतो, तो कुणाच्याच हिशेबात नाही.

बायपोलर म्हटलं की लोकांना फक्त उधाण आठवतं. अमेरिकेत 146 रुग्णांची जवळजवळ 13 वर्षं, आठवड्यागणिक नोंद ठेवली होती. 2002 साली ती छापून आली. उधाणाचे आठवडे शंभरात नऊ, उदासीचे बत्तीस. पण उदास माणूस भिंतीकडे तोंड करून पडतो, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. मग तो कसला आजारी? ऐतखाऊ!

डॉक्टरांकडे तीन मिनिटं. "झोप? भूक? गोळ्या चालू?" पुढचा पेशंट. रक्तातलं लिथियम 0.6 ते 1 च्या आत बसलं की साहेब खूश. त्याच लिथियमने माझा हात थरथरतो, ते रिपोर्टात कुठून येणार? परवा बँकेत सही जुळेना. काउंटरवरच्या बाईंनी तीनदा करायला लावली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "सकाळी सकाळीच टाकलीय वाटतं." गोळी सोडणार नाही मी; तिच्याच जिवावर उभा आहे. म्हणून बशीत सांडणाऱ्या चहाबद्दल अवाक्षर काढायचं नाही का?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे. सवलतींसाठी मात्र दिव्यांगत्व 40 टक्के भरावं लागतं! स्वतःची निगा, नाती, संवाद, काम अशा रकान्यांत गुण देतात. मी मूर्ख, तपासणीला इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर हजर झालो. "तुम्ही तर चांगले दिसताय," समोरचे म्हणाले. त्या शर्टासाठी आदले दोन दिवस खर्ची पडले होते, त्याला रकाना नव्हता.

आणि चांगला दिवस उगवलाच, तर तोही संशयित. गेल्या रविवारी मित्राच्या फोनवर पोट धरून हसलो. नुसता विनोद होता, तोही फुटकळ. फोन ठेवून वळलो तर आई ओट्याशी पाठमोरी उभी, गोळ्यांची डबी उघडून रविवारचा खण बोटाने चाचपत होती.