हलव्याचे दागिने आणि हळदीकुंकवाचे आमंत्रण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे दिवस हलव्याच्या दागिन्यांचे. नववधूच्या पहिल्या सणाला तन्मणी, बाजूबंद, बिंदी. बाळाच्या बोरनहाणाला मुकुट आणि बासरी. खसखशीच्या वा साबुदाण्याच्या दाण्यांवर मंद आचेवर थोडाथोडा पाक सोडीत, ते हाताने सतत हलवीत राहावे, तेव्हा कोठे हलव्याला काटा येतो. मग जरीच्या दोऱ्यात एकेक दाणा गुंफावयाचा. (साखरेचा भाव सारेच जाणतात, भाजलेल्या बोटांचा हिशेब कोणी मांडीत नाही.)

ही कला आता कित्येक गृहिणींचा पहिलावहिला व्यवसाय झाली आहे. दुकानाचे भाडे परवडणारे नसते. म्हणून हळदीकुंकवाचा समारंभ हीच त्यांची पेढी. तेथेच ओळखी जुळतात, मागण्या नोंदविल्या जातात.

आणि नेमकी येथेच अडचण आहे. जिला मिळकतीची निकड सर्वांत अधिक, त्या विधवेला या समारंभाचे आमंत्रणच नसते. कुंकवाबरोबर तिचे गिऱ्हाईकही जाते.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सुचविले. पाऊल स्तुत्य खरे. परंतु बांगड्या फोडणे ठरावाने थांबविता येईल, हळदीकुंकवाची यादी कोणती ग्रामसभा करणार? ती यजमानीणबाईंच्या हाती. आज दागिने घडविणारी विधवा डबा शेजारणीकरवी आत पाठविते आणि पैशांची वाट पाहत ओसरीवर थांबते.