पोटखराब्यांतील बेडूक

सह्याद्रीच्या दाट अरण्यांत बेडकाची नवी जात सांपडल्याची वार्ता वर्तमानपत्रांतून अधूनमधून येते. अशी एक वार्ता वाचून आमच्या एका शेतकरी स्नेह्यांनीं विचारिलें, "बेडूक नवा सांपडो कीं जुना, त्यानें माझ्या भाताचा दाणा वाढणार आहे काय?" प्रश्न रोखठोक आहे, उत्तरही तसेंच दिलें पाहिजे.

प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. ज्या जमिनीची मोजणी नाहीं व नोंद नाहीं, तिचा कैवार घेणें किती कठीण, हें वाचकांस सांगावयास नको. प्राण्यांचेंही तसेंच आहे. नवी जात सांपडणें म्हणजे ती नुसती दृष्टीस पडणें नव्हे. अभ्यासक भर पावसांत रात्रीं हिंडतात. बेडकाची लांबी मोजतात, बोटांमधील पडदा व कातडीवरील गांठी तपासतात, त्याचा आवाज टिपून घेतात. हल्लीं आनुवंशिक द्रव्याचीही परीक्षा होते. मग संग्रहालयांतील जुन्या नमुन्यांशीं सर्व ताडून पाहून, एक नमुना कायमचा जतन करून, वर्णन व नांव प्रसिद्ध करितात. हीच त्या जातीची मोजणी आणि हाच तिचा फेरफार.

कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयाच्या परिसरांतील खरबरीत कातडीच्या एका बेडकाचें वर्णन सोमण यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंबोलीचा त्याचा भाऊबंद मात्र २००९ पर्यंत बिननोंदीचा राहिला. त्या वर्षीं डॉ. एस. डी. बिजू, वरद गिरी प्रभृति संशोधकांनीं त्याच्या कुशीवरील वाघासारख्या पिवळ्या पट्ट्यांवरून त्यास नांव दिलें. अत्यंत लहान टापूंत आढळत असल्यामुळें तो आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. पावसाच्या आरंभीं जांभ्याच्या सड्यावरील उथळ डबक्यांत तो अंडीं घालतो.

असे सडे आमच्या दप्तरांत बहुधा काय म्हणून लिहिले जातात? पोटखराबा! लागवडीस अयोग्य असा शेरा मीं स्वतः कित्येक उताऱ्यांवर उतरविला आहे. तेथें पावसाळ्यांत काय जन्मास येतें, याची चौकशी करावी असें मला एकदांही सुचलें नाहीं. निरुपयोगी ठरविलेल्या जमिनीवर खाणीची वा बंगल्यांची धाड आधीं पडते.

नोंदीनें काय साधतें, हेंही आंबोलीनेंच दाखविलें. तेथील हिरण्यकेशी मंदिराजवळील पाण्यांतल्या एका लहानशा माशाचें नवी जात म्हणून २०२० सालीं वर्णन झालें. २०२१ सालीं राज्य सरकारनें ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली.

आतां दाण्याविषयीं. आंबोलीचा बेडूक आमच्या खाचरांत येणार नाहीं, हें खरें. परंतु खाचरांतील बेडूक कीड खातो, हें आपणांस ठाऊक असूनही एके काळीं त्याचे पाय परदेशीं विकले जात होते. ती निर्यात १९८७ सालीं बंद झाली. मी राहतों त्या भाईंदरच्या इंद्रलोक भागांत आज इमारतीच इमारती आहेत. पूर्वीं तेथें किती जातींचे बेडूक ओरडत, हें आम्हां शेजाऱ्यांपैकीं एकालाही सांगतां येणार नाहीं. गेलें तें काय गेलें, याचा हिशेबही उरला नाहीं.

म्हणून शेतकरी बंधूंस विनंति अशी कीं, अभ्यासक रात्रीं बांधावर आले आणि त्यांनीं रीतसर विचारिलें, तर त्यांना वाट दाखवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें गांवची लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ती ग्रामपंचायतींत मागून पाहावी आणि आपल्या सड्यावरील, ओढ्यावरील, खाचरांतील जीव तींत लिहवून घ्यावे. सातबारावर पीक चुकलें तर आपण तलाठ्याकडे धांव घेतों. तेवढीच कळकळ या नोंदवहीसाठीं दाखविली, तर पोटखराबा या शेऱ्याखालीं जें नाहींसें होत आहे, त्यांतील कांहीं तरी वांचेल.