खाऱ्या पाण्याचा टँक आणि आपला उन्हाळा

घरात ‘नीमो’ची जोडी आणायचं ठरलं की सगळी चर्चा होते ती काचेच्या पेटीची आणि माशांच्या किमतीची. दिवा दुकानदार देईल तो लावू, आणि उन्हाळ्याचं मे महिन्यात बघू! बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा गावांत खाऱ्या पाण्याचे टँक फसतात ते बहुतेक याच दोन ठिकाणी. खरं तर हे दोन प्रश्न नाहीतच. दिवा म्हणजेही उष्णताच, त्यामुळे हिशेब एकच.

दिव्याबाबत पहिला प्रश्न हा की टँकमध्ये राहणार कोण? नुसते मासे असतील तर साधा पांढरा एलईडी पुरतो. माशाला प्रकाश लागतो तो दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळण्यापुरता. दिवसाला आठ-नऊ तास, टायमर लावून. प्रवाळ असेल तर गोष्ट वेगळी. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणजे दिवा हेच त्याचं जेवण. समुद्राच्या पाण्यात लाल रंग वरच्या वर शोषला जातो आणि निळा खोल पोचतो, म्हणून प्रवाळाच्या टँकवर ते निळसर दिवे दिसतात. या प्रकाशाचं माप वॉटमध्ये नसतं, ‘पार’मध्ये असतं. दुपारच्या कडक उन्हाचं पार दोन हजारांच्या आसपास, मऊ प्रवाळांना पन्नास ते दीडशे चालतं, फांद्यांच्या कठीण प्रवाळांना दोनशे-तीनशे लागतं. दुकानात कोणी ‘शंभर वॉटचा आहे, मस्त उजेड पडतो’ म्हणालं तर त्यातून विजेचं बिल कळतं, एवढंच.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं मासेच ठेवा. एक कारण उकाडा. दुसरं कारण कायदा, आणि ते घरातल्या मुलांनाही माहीत हवं. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं आणि समुद्रघोडे आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या शेजारी. आपल्या समुद्रातून ती काढणं हा गुन्हा आहे. बडोदेकरांना कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान दूर नाही. जामनगरला गेलात, ओहोटीला प्रवाळ पायाशी दिसलं, तर डोळ्यांनी बघा आणि तिथंच राहू द्या. नीमोचं, म्हणजे क्लाउनफिशचं, तसं नाही. त्याची पैदास टाक्यांत होते, आपल्या देशातही केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं ती करून दाखवली आहे. टाकीत जन्मलेलाच मासा मागा. त्याला समुद्रफूलही लागत नाही, सिनेमात काहीही दाखवलेलं असो.

आता उष्णता. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँक धरा. पाणी साधारण १९० लिटर. वीजमीटरवरच्या एका युनिटची उष्णता या पाण्यात कोंडली तर ते सुमारे साडेचार अंशांनी तापेल. पाण्यात बुडालेला ४० वॉटचा पंप चोवीस तासांत जवळजवळ एक युनिट खातो, आणि ते सगळं शेवटी पाण्यातच उतरतं. जुन्या पद्धतीचा २५० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा आठ तासांत दोन युनिटं जाळतो आणि वरून पाणी शेकत राहतो. एलईडीची बरीचशी उष्णता त्याच्या पाठीवरच्या धातूच्या पट्ट्यांतून हवेत जाते. आपल्या हवेत एलईडी घ्यायचा तो यासाठी, बिलाची बचत नंतर. पंपही गरजेपुरताच घ्या.

पाणी २५ ते २७ अंशांवर राहिलं तर सगळे सुखात. तिशी ओलांडली की दुहेरी संकट येतं: गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि नेमका तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर थर्मामीटर बघण्याआधी हवेचा पंप वाढवा.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता, माठाचा. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता घेऊन जातं, म्हणजे आपला टँक जवळजवळ तीन अंशांनी उतरतो. त्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा देणारा छोटा पंखा हवा, आणि वर काचेच्या झाकणाऐवजी बारीक जाळी. जाळी हवीच, मासे उडी मारतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या मे महिन्यात हा पंखा कमाल करतो. गोव्यात, किंवा बडोद्यात पाऊस तोंडावर आला की, हवेतच पाणी भरलेलं असतं आणि पंख्याचा जोर ओसरतो. बंद खोलीत डेझर्ट कूलर चालू असेल तरी तेच, म्हणून एखादी खिडकी उघडी ठेवा.

वाफ पाण्याची होते, मिठाची नाही. चार दिवसांत बारा लिटर उडाले तर ३५चा खारेपणा ३७च्या पुढे जातो. भर घालायची ती रोज, आणि आरओच्या गोड्या पाण्याची. नळाचं नको, खारं तर मुळीच नको.

चिलर हा खात्रीचा उपाय, पण तो पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो. बंद कपाटात ठेवलात तर स्वतःच गुदमरतो. वारं खेळेल अशी जागा त्याला द्या. त्याआधी फुकटातल्या गोष्टी करून बघा. पश्चिमेची खिडकी टाळा. दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांत तळमजल्याची आतली खोली दुपारी किती गार असते ते राहणाऱ्यांना माहीत आहे, टँकची जागा तीच. आणि दिव्याची वेळ बदला. संध्याकाळी चारला लावून रात्री बाराला मालवला तर दुपारच्या काहिलीत निदान तेवढी भर पडत नाही, शिवाय घरातली माणसं घरी असतात तेव्हाच मासे नीट दिसतात.

दिवे गेले तर? इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप, मग पंखा, दिवा शेवटी. बर्फ थेट टाकू नका. एक लिटरची गोठवलेली, घट्ट बंद बाटली सोडली की पाणी अर्ध्या अंशानं उतरतं. तेवढंच सावकाश उतरलेलं बरं. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं, म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी तपासूनच टँक लावा, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब प्लगपर्यंत पोचणार नाहीत.

राहिला सुट्टीचा प्रश्न. मे महिन्यात आपण कोकणात किंवा आजोळी, आणि टँक इथं ४२ अंशांत. किल्ली शेजारच्या काकूंकडे द्याल तेव्हा काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून ठेवा, आरओच्या पाण्याचे कॅन भरून शेजारी ठेवा, आणि खाणं एकेक दिवसाच्या पुड्यांत बांधून द्या. नाहीतर काकू मायेनं मूठभर घालतात.